अण्णांच्या बंदुका आणि घराची राखण

"मॅडम, वडील अजिबात ऐकत नाहीत. तुम्ही तरी समजावून सांगा." लातूरला माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या चाळिशी-पन्नाशीतल्या मुलामुलींच्या तोंडून हे मी सतत ऐकते. कुणाचे वडील पडका वाडा सोडत नाहीत, कुणाचे बंद पडलेला ट्रॅक्टर. अलीकडे त्यात बंदुकांची भर पडली आहे. मराठवाड्यातल्या जुन्या शेतकरी घरांमध्ये परवान्याच्या बंदुका अजून आहेत. त्या बाळगणारे सत्तरीपुढे गेले, मुलं पुण्या-मुंबईला गेली, आणि 'माझ्यानंतर यांचं काय?' हा प्रश्न घराघरात न बोलता बसून आहे. म्हणून अण्णांबद्दल लिहिते. त्यांच्या परवानगीनं, आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून.

अण्णा धाराशिव जिल्ह्यातले, बार्शीच्या हद्दीजवळच्या गावचे. काकू गेल्यापासून घरात एकटे. बंदुका तीन. वडिलांची एकनळी, उसाचे पैसे हातात खेळायला लागल्यावर हौसेनं घेतलेली दुनळी, आणि एक ३१५ ची रायफल. २०१९ च्या डिसेंबरात कायदा बदलला, एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असं ठरलं, तेव्हा रायफल विक्रेत्याकडे जमा झाली. ती विकली मात्र नव्हती. बाकी दोन घरात. दिवाळीत नातवाला गोधड्यांच्या ट्रंकेत काडतुसं सापडली. मुलगा म्हणाला, "सगळं विकून टाका, नाहीतर पोरांना घेऊन मी येणार नाही." बापलेकाचं बोलणं थांबलं ते तिथे.

लेक त्यांना घेऊन आली. अण्णा खुर्चीत बसता बसताच म्हणाले, "मला येड लागलंय असं पोरगं म्हणायलंय. तपासा."

मी तपासलं नाही. एकटं राहणाऱ्या आणि घरात शस्त्र असलेल्या प्रत्येक ज्येष्ठाला मी विचारते तो प्रश्न विचारला: "अण्णा, जगणं नकोसं वाटतं का कधी?" लेक दचकली. अण्णा दचकले नाहीत. "ही गेली तेव्हा वाटायचं. आता नाही," म्हणाले. असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरेल अशी भीती बऱ्याच जणांना वाटते. माझा अनुभव उलटा आहे. विचारल्यावर माणूस मोकळा होतो. उत्तर 'हो' असेल, तर मात्र बाकीची चर्चा बाजूला ठेवून आधी शस्त्र आणि काडतुसं घराबाहेर गेली पाहिजेत, आणि मदत घेतली पाहिजे. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत चालतो.

पुढच्या भेटींत मी विकण्याचा विषयच काढला नाही. एकेका बंदुकीबद्दल सांगा म्हटलं. दुनळीबद्दल ते भरभरून बोलले, रायफलीबद्दल दोन वाक्यं. एकनळीपाशी आले की गप्प. मी घाई केली नाही. ज्या वस्तूबद्दल माणूस बोलत नाही, गाठ तिथेच असते हे इतक्या वर्षांत मला पक्कं कळलं आहे.

एक दिवस ते आपणहून बोलले. १९४८ साली रझाकारांच्या धाकानं त्यांचे वडील घरदार टाकून निजामाच्या हद्दीपलीकडे बार्शीला गेले. अण्णा तेव्हा आईच्या पोटात. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, कुटुंब परतलं. पुढे वडिलांनी परवाना काढला आणि ही एकनळी घेतली. "पुन्हा असं रिकाम्या हातानं पळायचं नाही, म्हणायचे."

"त्यांनी ती किती वेळा चालवली?"

"एकदाबी नाही."

"मग राखण कशी करायचे?"

अण्णा बराच वेळ खाली बघत होते. "रात्री कंदील घेऊन गावाला फेरी मारायचे. कुणाच्या घरी आजारी माणूस असलं तर थांबायचे. बंदूक खुंटीलाच असायची."

"आणि आज तुमच्या घराला धोका कशाचा आहे?"

यावर ते जे बोलले, ते मी कितीही पुस्तकं वाचून सांगू शकले नसते. "ट्रंकेतल्या काडतुसांचाच की. म्हणजे मॅडम, आता राखण उलटी झाली. बंदूक बाहेर काढणं हीच राखण."

मी मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सनला मानते. आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात माणसाचा झगडा समाधान आणि हताशा यांच्यात असतो, असं त्यानं मांडलं. 'हे सगळं विका' हे मुलाचं बोलणं अण्णांना 'तुमचं काम संपलं' असं ऐकू येत होतं. काम संपलेलं नाही, फक्त त्याची रीत बदलली, हे त्यांच्या तोंडून निघालं आणि त्याच आठवड्यात त्यांनी स्वतः विक्रेत्याला फोन केला. तो क्षण त्यांना गाठता आला याचं मला मनापासून समाधान आहे.

मुलांना मी सांगते: सणाच्या गर्दीत, चार माणसांत हा विषय काढू नका. आधी बंदुकीची गोष्ट ऐका, जमलं तर फोनवर रेकॉर्ड करा. निर्णय वडिलांच्या हातून होऊ द्या. त्यांच्या पश्चात तुम्ही केलेली विल्हेवाट आणि त्यांनी स्वतः लावलेली व्यवस्था यात फार अंतर आहे. आणि भावनेच्या भरात बंदूक पुतण्याच्या नाहीतर मित्राच्या हाती देऊ नका. परवाना नसलेल्याकडे ती जाणं हा गुन्हा आहे. विक्री परवानाधारकालाच किंवा अधिकृत विक्रेत्याला करायची, पावती घ्यायची, परवान्यावरची नोंद कमी करून घ्यायची. काडतुसांचाही हिशेब द्यायचा. वारसाला हवी असेल तर मृत्यूची वाट बघायची गरज नाही. २०१६ च्या नियमांप्रमाणे परवानाधारकाचं वय सत्तर झालं, किंवा शस्त्र बाळगून पंचवीस वर्षं झाली, की तो हयातीतच कायदेशीर वारसाचं नाव सुचवू शकतो. परवाना द्यायचा की नाही हे प्रशासन ठरवतं, आणि दोनची मर्यादा वारशालाही आहे. काही ठरेपर्यंत बंदूक कुलपात आणि काडतुसं वेगळ्या कुलपात, एवढं तरी आजच करा.

अण्णांची रायफल विकली गेली. दुनळी विकताना जड गेलं, पण गिऱ्हाईक परवानाधारक शेतकरी निघाला आणि त्याला ती नीट साफ कशी करायची हे अण्णांनी तासभर बसून शिकवलं. मुलगा उन्हाळ्यात पोरांना घेऊन राहून गेला. एकनळी सध्या विक्रेत्याकडे जमा आहे. लेक गावाजवळच शेती करते, तिला परवाना हवा आहे का, हे इतक्या वर्षांत कुणी तिला विचारलंच नव्हतं. तिनं विचार करायला वेळ मागितला आहे. मुलाला घाई आहे. परवान्याचं नूतनीकरण येईपर्यंत थांब, असं मी त्याला सांगितलं आहे.