नकोसे व्हिडिओ पाठ का सोडत नाहीत?

प्रश्न : वडिलांना पार्किन्सनचे निदान झाले तेव्हा मी यूट्यूबवर दोन-तीनदा त्या आजाराविषयी शोध घेतला. तेव्हापासून ‘हा आजार मुळापासून बरा करा’ असे दावे करणाऱ्या व्हिडिओंनी माझे पान भरून गेले आहे. संताप येतो म्हणून त्यांतले काही मी शेवटपर्यंत पाहते, खाली खरमरीत प्रतिक्रियाही लिहिते. ‘स्वारस्य नाही’ असेही अनेकदा कळवले, तरी ओघ थांबत नाही. शिवाय घरात नुसते बोललेले विषय जाहिरातींत दिसतात. फोन आमचे बोलणे ऐकतो का?

उत्तर : आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर ‘शेवटपर्यंत पाहते’ या आपल्याच शब्दांत आहे. कोणता व्हिडिओ किती जणांनी उघडला यापेक्षा तो किती वेळ पाहिला गेला, याला यूट्यूबने २०१२पासून अधिक वजन दिले. पुढे त्यात इतर निकषांची भर पडली; पण आपण संतापाने थांबलात की आवडीने, हे त्या हिशेबाला नीटसे कळत नाही, आणि आपली खरमरीत प्रतिक्रियासुद्धा बहुधा प्रतिसाद म्हणूनच जमा होते. तेव्हा असा व्हिडिओ दिसताच न उघडता पुढे जावे, चुकून उघडला तर लगेच बंद करावा. खोट्या दाव्याला उत्तर न देता निघून जाणे मनाला पटत नाही, हे मान्य. त्यासाठी तक्रार नोंदवण्याची सोय वापरावी.

बटणांविषयीचा आपला अनुभव एकटीचा नाही. मोझिला फाउंडेशनने २०२२मध्ये केलेल्या पाहणीत ‘स्वारस्य नाही’ या बटणाने नकोशा शिफारशींपैकी जेमतेम ११ टक्के टळल्या, तर ‘या चॅनलची शिफारस करू नका’ या पर्यायाने ४३ टक्के. म्हणजे सर्वांत प्रभावी उपायही निम्म्यावर पोहोचला नाही. म्हणून बटणांवर विसंबण्यापेक्षा मुळाशी जावे : खात्याच्या इतिहासातून त्या आजाराचे शोध आणि पाहिलेले व्हिडिओ वेचून काढून टाकावेत. तेवढ्याने भागले नाही तर सगळा इतिहास पुसून त्याची नोंदच बंद करावी. तसे केल्यास मुख्य पान जवळपास रिकामे दिसते. पहिले काही दिवस ते भकास वाटेल, परंतु जे पाहायचे ते नाव टाकून शोधण्याची सवय लागते, आणि माझ्या मते आपल्या सध्याच्या मनःस्थितीत तेच बरे.

फोन ऐकतो या समजाबद्दल थोडक्यात सांगतो. अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८मध्ये सतरा हजारांहून अधिक अँड्रॉइड ॲप तपासली, तेव्हा मायक्रोफोन गुपचूप सुरू होत असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. काही ॲप पडद्यावरील हालचाली टिपून इतरांना पाठवतात, हे मात्र आढळले. आपले शोध, ठिकाण, खरेदी आणि घरातल्या इतरांचे शोध यांवरून इतका अचूक अंदाज बांधता येतो की ऐकण्याची गरजच क्वचित पडावी. तरीही ज्या ॲपला मायक्रोफोनचे काम नाही, त्याची परवानगी काढून घ्यावी.

एक गोष्ट आपण लिहिलेली नाही : वडील टीव्हीवर आपल्याच खात्यातून यूट्यूब पाहतात का? पाहत असतील तर हेच मथळे त्यांच्याही डोळ्यांपुढे येत असतील. त्यांच्यासाठी वेगळे खाते आजच उघडावे.