नगरसेविकेकडे नक्की काय मागायचं?

प्रश्न : आमच्या नगरसेविका म्हणतात पर्यावरण, परवडणारं शहर आणि चांगल्या सुविधा या तीनच गोष्टींवर काम करणार. ऐकायला भारी वाटतं, पण त्यांच्या हातात असतं किती? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : अहो, सगळं नसतं. घरांचे भाव काय त्या खाली आणणार नाहीत, ते सोडूनच द्या. पण मिळकतकराचं बघा ना, पुण्यात स्वतःच्या घरात राहणाऱ्याला ४० टक्क्यांची सवलत आहे आणि त्यासाठी पीटी-३ फॉर्म भरावा लागतो हेच कितीतरी लोकांना माहीत नसतं, मग बिल फुगून आलं की बोंबाबोंब. नगरसेविकेनं सोसायट्यांमध्ये जाऊन हे फॉर्म भरून घेतले तरी पुष्कळ झालं. तसंच सोलर, गांडूळखत, पावसाचं पाणी साठवणं यातलं एक चालू असेल तर करात ५ टक्के आणि दोन असतील तर १० टक्के सूट मिळते, म्हणजे पर्यावरण आणि खिसा दोन्ही एकदमच.

कचऱ्याचं म्हणाल तर दारोदार येणाऱ्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई कचरा वेगळा करायला बसतात तिथे साधी शेड, नळ आणि टॉयलेट आहे का, हे आधी विचारा. झाडं लावतानाचे फोटो नंतर.

आणि हो, बजेटमध्ये नागरिकांकडून कामं मागवायची पद्धत पुणे मनपात २००६ पासून आहे. फुटपाथ, दिवे, बाक असली कामं त्यात लिहून द्या आणि एक कॉपी बाईंना पोचती करून सही घ्या. तोंडी सांगितलेलं कोण लक्षात ठेवतंय!