क्लासशिवाय सीईटी: सुरुवात इथून कर

ऐरोलीहून क्लासला जाणं जमत नाही म्हणून खचू नकोस. मीही सीईटीचा, म्हणजे इंजिनिअरिंग प्रवेशाच्या एमएचटी-सीईटी परीक्षेचा, घरीच अभ्यास केला.

आधी बारावीची बालभारतीची पुस्तकं धर. साधारण ८० टक्के प्रश्न त्याच अभ्यासक्रमावर असतात, बाकीचे अकरावीवर. जाडजूड गाईडं आत्ता नकोतच.

गणिताला ९० मिनिटांत ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण. म्हणून रोज घड्याळ लावून ४५ मिनिटांत २५ गणितं सोडव. चुकलेलं गणित वेगळ्या वहीत उतरव आणि शेजारी कारण लिही: चिन्ह चुकलं, सूत्र विसरलो, की प्रश्नच नीट वाचला नाही? ठाणे-वाशी लोकलमध्ये मी तीच वही चाळायचो. खरंच, तिनंच मला तारलं.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- नुसते व्हिडिओ बघतात, पेन हातात घेतच नाहीत.
- निगेटिव्ह मार्किंग नसतानाही प्रश्न कोरे सोडतात. तू एकही सोडू नकोस.