मे महिन्यात ग्वाल्हेरला आमच्या गच्चीवर बांधकाम आहे. मजुरांसाठी गार पाण्याशिवाय आणखी काय करता येईल?

पाण्याआधी ठेकेदाराशी वेळेचं बोला. काम सकाळी सहा ते अकरा, मग चारनंतर साडेसहापर्यंत. हवा सर्वांत जास्त तापते ती तीन-चारच्या सुमारास, त्यामुळे जेवण झालं की दोनला पुन्हा वर चढवण्यात अर्थ नाही. मजुरी मात्र पूर्ण दिवसाची द्या. काम फुटाच्या दरावर ठरलं असेल तर तुम्ही कितीही ‘जरा बसा’ म्हणा, कोणी बसणार नाही. बसलं की पैसे बुडतात. निदान नौतपात, म्हणजे मेअखेरीस सुरू होणाऱ्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तरी रोजंदारी ठरवा.

दुसरं, खालचा संडास उघडा ठेवा. बायका कामावर पाणी कमी पितात ते बहुतेक वेळा जायला जागा नसते म्हणून. हे कोणी तोंडाने सांगत नाही, तुम्हीच आधी सांगून टाका.

आता पाणी. दर वीस मिनिटांनी माणशी पाव लिटर धरा. सहा माणसं, साडेसात तास, म्हणजे जवळपास 35 लिटर. माठ गच्चीवरच हवेत, पाण्यासाठी कोणी जिना उतरत नाही. सावलीत, वारा लागेल असे, ओल्या वाळूवर ठेवा. माठ बाहेरून ओलसर दिसत नसेल तर त्याची छिद्रं क्षारांनी बुजली आहेत. ब्रशने घासा, साबण नको. लांब दांड्याचं ओगराळं ठेवा आणि पेले घरातलेच द्या. ‘मजुरांचे’ म्हणून वेगळे काढलेले पेले लगेच ओळखू येतात.

घामाबरोबर मीठही जातं, ते नुसत्या पाण्याने भरून येत नाही. लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पन्हंही चालेल, पण आपल्या घरच्यासारखं नुसतं गोड नको. ताक सकाळच्या सुट्टीतच संपवा, दुपारपर्यंत आंबून जातं.

घमेली आणि सळ्या दुपारभर उन्हात राहिल्या तर चारला हात भाजतात, ओलं गोणपाट टाकून ठेवा. सावलीला पत्र्यापेक्षा हिरवी जाळी बरी. पत्रा तापला की खाली बसणाऱ्याला वरून आच लागते.

नव्या माणसाकडे, किंवा आठ-दहा दिवसांच्या खंडानंतर आलेल्याकडे, जास्त लक्ष हवं. शरीर उन्हाला सरावायला वेळ लागतो, आणि उन्हाचा त्रास बहुधा पहिल्या काही दिवसांतच होतो. पहिल्या दिवशी नेहमीच्या पाचव्या हिश्शाएवढंच काम, मग रोज तेवढंच वाढवायचं.

पायात गोळे आले, गरगरलं, तर सावली आणि मीठ-साखरेचं पाणी. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला, तर तो उष्माघात समजा, अंगाला घाम असला तरी. एकाने 108 ला फोन करायचा, तोवर बाकीच्यांनी सावलीत नेऊन अंगावर बादल्यांनी पाणी ओतायचं, वारा घालायचा, मान, काखा आणि जांघांत बर्फ ठेवायचा. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका, ते श्वासनलिकेत जातं.