आरामदायी क्लिपलेस पेडल आणि सायकलिंगचे बूट कसे निवडावेत? (परभणी, २०० किलोमीटरची तयारी)

तुम्ही लिहिलंय की हायब्रिड सायकल आहे, रोज तीसेक किलोमीटर होतात, हिवाळ्यात २०० ची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) करायचीय. साध्या पेडलवर पाय घसरतो आणि चाळिसेक किलोमीटरनंतर बोटांना मुंग्या येतात.

दादा, आधी बूट बघा, पेडलचं नंतर. मुंग्या येतात त्या बहुतेक वेळा चवडा आवळला गेल्यानं. आपल्याकडचे पाय चपलेत वाढलेले, पुढे पसरट. रेसिंगचे बूट मात्र निमुळत्या साच्यावर बेतलेले. मी पहिला जोड ऑनलाइन घेतला, तोही रोजच्या स्पोर्ट्स शूजच्या नंबरावर. संभाजीनगरहून वेरूळला जाईपर्यंत ठीक होतं. येताना खुलदाबादला थांबलो, बूट काढून पाय मोकळे सोडून बसलो, आणि करंगळी आपली आहे की परक्याची हेच दहा मिनिटं कळेना.

म्हणून माप असं घ्या. संध्याकाळी, दिवसभर पाय फुगल्यावर, मोजे घालून भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहा आणि पेन्सिल सरळ धरून पायाभोवती रेघ मारा. दोन्ही पायांची, कारण एक थोडा मोठा असतोच. लांबी आणि चवड्याची रुंदी सेंटीमीटरमध्ये मोजून कंपनीच्या तक्त्याशी ताडून बघा. अंगठ्यापुढे अर्धा-पाऊण सेंटीमीटर मोकळं हवं, टाच मात्र उचलली जाता कामा नये. काही मॉडेल ‘वाइड’ मापात मिळतात, तेच मागा. नुसता नंबर वाढवला तर रुंदी थोडीच वाढते, टाच मात्र बुटात खेळायला लागते.

आता पेडल. ‘क्लिपलेस’ नावानं गोंधळू नका, पाय त्यात अडकतोच. पूर्वी पेडलवर पुढच्या बाजूला पिंजरा आणि पट्टा असायचा, त्याला टो-क्लिप म्हणत. तो गेला म्हणून क्लिपलेस. बर्फावरच्या स्कीला बूट अडकवायची यंत्रणा बनवणाऱ्या लूक कंपनीनं १९८४ मध्ये असं पेडल आणलं, आणि १९८५ ची टूर द फ्रान्स शर्यत फ्रेंच सायकलपटू बर्नार्ड हिनोनं त्यावरच जिंकली.

रेसिंगची ती जात तीन बोल्टची. क्लीट, म्हणजे बुटाच्या तळाला बोल्टनं लावायचा आणि पेडलमध्ये अडकणारा तुकडा, त्यात मोठी, प्लास्टिकची, तळव्याच्या बाहेर आलेली. टपरीवर चहाला उतरलात की बदकासारखं चालायचं, आणि खडीवर क्लीट झिजत जाते. आपल्या रस्त्यांवर कुत्री, गतिरोधक, उसाच्या ट्रॉल्या यांच्यापायी पाय सारखा खाली टेकवावा लागतो. माझं स्पष्ट मत, तुम्ही दोन बोल्टचंच घ्या, म्हणजे शिमानो कंपनीचं एसपीडी जातीचं पेडल. लोखंडी छोटी क्लीट तळव्याच्या खाचेत दडते, नीट चालता येतं. त्यातल्या एम-५२० या पेडलला दोन्ही बाजूंनी पाय बसतो. ईएच-५०० ची एक बाजू सपाट असते, त्यामुळे गावात चपलेवरही सायकल चालते. तुम्हाला दुसरं जास्त सोयीचं. क्लीट मात्र एसएच-५६ लावा. एसएच-५१ टाच बाहेर वळवली तरच सुटते, ५६ इतर दिशांनीही सुटते.

एक खोच आहे. एसपीडी क्लीट इवलीशी असल्यानं तळवा फार मऊ असेल तर तिचा दाब एकाच जागी जाणवतो. बूट हातानं वाकवून बघा, सहज वाकला तर नको. कार्बनचा दगडासारखा कडकही नको, नायलॉनचा मध्यम कडक तळवा २०० ला पुरतो.

क्लीट बसवताना बूट पायात घालून अंगठ्यामागचं आणि करंगळीमागचं हाड चाचपा, बाहेरून पेनानं खुणा करा. क्लीटचा मध्य त्या दोन खुणांच्या मधोमध किंवा किंचित मागे ठेवा. मुंग्या आल्या तर दोन-दोन मिलिमीटर टाचेकडे सरकवा. बोल्टला ग्रीस लावा आणि ४ मिमीच्या ॲलन कीनं चांगले आवळा. ढिले राहिले तर पाय वळवल्यावर क्लीट जागेवरच फिरते, पाय सुटतच नाही.

माझं तसंच झालं. दौलताबादच्या दिल्ली दरवाजात ट्रक आडवे आलेले, मी थांबलो आणि पाय काही निघेना. सायकल हळूच डावीकडे कलली, मागोमाग मी. कणसं भाजणारी मावशी ओरडली, “अहो, पाय टेकवा की!” टेकवायचाच तर होता.

पेडलच्या स्प्रिंगचा ताण सुरुवातीला अगदी कमी ठेवा. ३ मिमीची ॲलन की वजा खुणेकडे फिरवायची, जितक्या बाजूंना पाय अडकतो तितके स्क्रू, सगळे सारखे. पेडल लावताना डाव्याचे आटे उलटे असतात हे मेकॅनिकलाही आठवण करून द्या, नाहीतर क्रँकचे आटे जातात. मग भिंतीला हात लावून प्रत्येक पाय पन्नास वेळा अडकवा-सोडवा. थांबायच्या दहा-पंधरा मीटर आधीच पाय सोडवायची सवय लावा.

पावसाळ्यात काळ्या मातीत पाय टाकलात तर क्लीटची खाच गच्च भरते. खिशात जुना टूथब्रश ठेवा, नाहीतर बाभळीची काडी शोधा, काट्यांची तयारी ठेवून.

साध्या चपलेत बसल्या-बसल्याही बोटं बधिर होत असतील तर बूट विकत घ्यायच्या आधी एकदा शुगर तपासून घ्या. तसं नसेल तर दोन्ही पायांची लांबी-रुंदी इथे टाका, कुठला नंबर लागेल ते बघून सांगतो.