मोबाईल ॲप बनवणाऱ्याला रोजच्या कामात सगळ्यात जास्त वैताग कशाचा येतो?

तुम्ही लिहिलंय की कॉलेज संपत आलंय, ॲप डेव्हलपमेंटमध्ये यायचा विचार आहे, तर या कामात रोज डोकं कशाने फिरतं ते कोणीतरी खरं खरं सांगा. सांगतो. मी गोव्यात पर्वरीला राहतो, नऊ वर्षं अँड्रॉइडचं काम करतोय, पोटापाण्याला हॉटेलवाल्यांची आणि गाड्या भाड्याने देणाऱ्यांची ॲप्स, आणि स्वतःचं म्हणाल तर एकच छोटं मराठी ॲप, गोळ्यांची वेळ झाली की आठवण करून देणारं.

बग म्हणजे कोडमधली चूक शोधण्यात रात्र गेली तर मला त्याचं काही वाटत नाही, ते आवडतं म्हणूनच या धंद्यात आलो. त्रास होतो तो काल नीट चालणारं ॲप आज चालत नाही तेव्हा, आणि तुम्ही त्यात एक ओळसुद्धा बदललेली नसते.

गोळ्यांचं ॲप मुळात आईसाठी केलेलं. ती साखळीजवळ गावात असते, थायरॉईडची गोळी सकाळी सहाला, उपाशीपोटी, आणि त्यानंतर अर्धा तास तरी चहा नाही. साडेसहाला पोदेर, म्हणजे पाववाला, हॉर्न वाजवत येतो, ती पाव घेते मग चहा टाकते, असं तिचं बसलेलं गणित. दोन वर्षं ॲप बरोबर सहाला वाजत होतं. मग एका चतुर्थीला भावाने तिला नवा फोन आणला, दुकानातल्या मुलाने जुन्या फोनवरचं सगळं नव्यावर घालून दिलं, ॲप आलं, गोळ्यांची यादी आली, सगळं जसंच्या तसं. फक्त सहाला वाजेना. सकाळी कधीतरी तिने फोन हातात घेतला की मग वाजायचं, म्हणजे पावणेसात, सात, तोवर चहा पोटात गेलेला.

झालं काय होतं, तर अँड्रॉइड १२ पासून म्हणजे २०२१ पासून ठरलेल्या मिनिटाला अलार्म वाजवायचा असेल तर ॲपला वेगळी परवानगी लागते. अँड्रॉइड १४ मध्ये नव्याने टाकलेल्या बहुतेक ॲप्सना ती परवानगी आधीपासून बंदच असते, आणि बॅकअपमधून ॲप नव्या फोनवर आणलं तरी बंद. परवानगी नाही म्हटल्यावर माझा कोड साध्या अलार्मवर जात होता, आणि साधा अलार्म फोन रात्रभर नुसता पडून असला की मागे ढकलला जातो, बॅटरी वाचवायला, फोनला असं झोपवायची ही सोय अँड्रॉइड ६ पासून म्हणजे २०१५ पासूनच आहे. वर २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशन दाखवायलाही विचारावं लागतं. यातला प्रत्येक नियम एकेकटा घेतला तर मला पटतो, रात्री फोन उठवून बॅटरी खाणारी फालतू ॲप्स ढिगाने आहेत, पण गोळीच्या ॲपला आणि त्या फालतू ॲपला एकच माप लागतं आणि परवानगी गेलीय हे आईला कोणीच सांगत नाही.

मला हे कळलं पंधरा दिवसांनी, घरी गेलो तेव्हा. मी विचारलं आई फोन का नाही केलास, तर म्हणाली, "मीच कायतरी दाबलं असणार रे बाबा, तुझं ॲप कशाला बिघडेल." हे मला आजही लागतं. माझ्या ॲपचे बरेच वापरणारे तिच्याच वयाचे आहेत, आणि काही बिघडलं की त्यांना पहिल्यांदा स्वतःचीच चूक वाटते, ते तक्रार करत नाहीत, गुपचूप वापरणं सोडून देतात. तक्रार करणारे एक तारा देऊन 'अलार्म वाजत नाही, बेकार' लिहून जातात, त्यांचंही चुकत नाही, गोळी चुकली म्हणजे चुकली.

बरं त्यांना सांगायचं तरी काय, सेटिंगमध्ये जा, ॲप्स, मग स्पेशल ॲक्सेस, मग अलार्म्स अँड रिमाइंडर्स, आणि हे नाव आणि रस्ता प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये थोडा वेगळा, त्याशिवाय बॅटरीचं वेगळं सेटिंग, काही फोनमध्ये ऑटोस्टार्टचं आणखी वेगळं. काही फोनवर तर अलीकडच्या ॲप्सच्या यादीतून ॲप सरकवून टाकलं की लावलेले अलार्मच पुसले जातात. फोनवरून एखाद्या आजींना हे समजावताना अर्धा तास जातो आणि शेवटी त्या म्हणतात राहू दे.

एकदा मी कंटाळून थेट घड्याळ आणि कॅलेंडर ॲप्सना मिळते ती परवानगी मागितली, ती न विचारता मिळते. प्ले स्टोअरवाल्यांनी अपडेट नाकारलं, म्हणे तुमचं ॲप त्या प्रकारात बसत नाही. मी लिहिलं, गोळीची वेळ ही घड्याळाचीच गोष्ट आहे, उत्तर आलं तेच, शब्दही तेच. माणसाने वाचलं की मशीनने, ते शेवटपर्यंत समजलं नाही.

आता तारखांचं. प्ले स्टोअरवर साधारण दरवर्षी ३१ ऑगस्टपर्यंत ॲप नव्या अँड्रॉइडच्या पातळीवर आणावं लागतं, नाहीतर अपडेट टाकता येत नाही. २०२५ मध्ये ती पातळी अँड्रॉइड १५ ची होती आणि चतुर्थी होती २७ ऑगस्टला. गोव्यात चतुर्थी म्हणजे काय ते सांगायला नको, घरी गणपतीच्या वर फळापानांची माटोळी बांधतायत आणि मी माडीवर लॅपटॉप घेऊन, कारण नुसता एक आकडा वाढवला की काम झालं असं नसतं, ॲप बांधणारं ग्रेडल नव्या आवृत्तीवर न्या, मग कोटलिन ही कोडची भाषा, मग एखादी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड, जिचा मालक तीन वर्षांपूर्वीच सोडून गेलाय. मुदतवाढ मागता येते, १ नोव्हेंबरपर्यंत, मी मागितली. त्यात पाऊस, लाईट गेली की डाउनलोड अर्धवट, पुन्हा पहिल्यापासून.

मराठीचा त्रास वेगळा, तो तुम्हाला कुठल्याच कोर्समध्ये कोणी शिकवणार नाही. म्हातारी माणसं फोनवरची अक्षरं सगळ्यात मोठी करतात, मग 'गोळी घेतली' या बटणावरच्या मात्रा आणि वेलांट्या वरून कापल्या जातात, कारण बटणाची उंची इंग्रजी अक्षरं बघून ठरवलेली. 'दुसऱ्या' हा शब्द दोन प्रकारे टाईप होतो, एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर, दुसऱ्यात र, हलंत आणि मध्ये एक न दिसणारा जोडणारा, डोळ्यांना दोन्ही सारखे पण शोधताना एक सापडतो आणि दुसरा सापडत नाही. मी आता साठवतानाच दुसऱ्या प्रकाराचं पहिल्यात करून घेतो.

तुम्ही प्ले स्टोअरवर ॲप टाकायला वैयक्तिक खातं काढून सुरुवात करणार असाल तर हेही ठाऊक असू द्या, १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेल्या खात्यांना ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी सलग १४ दिवस ठराविक माणसांकडून टेस्टिंग करून घ्यावं लागतं, आधी २० जण लागत, डिसेंबर २०२४ पासून १२. शेजारच्या मुलाने यासाठी देवळातल्या भजनाच्या ग्रुपमधल्या लोकांचे जीमेल गोळा केले, निम्म्यांना आपला पासवर्ड माहीत नव्हता. ही माणसं आधीपासून जमवून ठेवा.

आईचं आता ठीक आहे. ॲप उघडलं की परवानगी आहे का ते आधी तपासतं, नसेल तर वर लाल पट्टी येते, 'अलार्म बंद आहे, इथे दाबा', आणि दाबल्यावर थेट त्याच सेटिंगवर जातं. पण ती ॲप फारसं उघडतच नाही, म्हणून दर रविवारी मी फोन करून विचारतो, सहाला वाजलं ना.

आणि एक, घरात कोणाचे जुने स्वस्त फोन पडलेले असतील तर साफसफाईत भंगारात देऊ नका. 'ॲ' च्या जागी नुसता चौकोन दिसतो हे मला एमुलेटरवर, म्हणजे लॅपटॉपवरच्या नकली फोनवर, कधीच दिसलं नव्हतं, काकाच्या तडा गेलेल्या फोनवर दिसलं, आणि माझ्या ॲपच्या नावातच तो 'ॲ' होता.