व्हीआरमध्ये दोघांनी एकच वस्तू हाताळायची, तर आधी एवढं करा

व्हीआरमध्ये, म्हणजे हेडसेट घालून दिसणाऱ्या आभासी जगात, दूर बसलेल्या दोघांना एकच वस्तू हाताळता येईल असं ॲप बनवताय? मग हॅप्टिक ग्लोव्हजची (स्पर्शाची जाणीव देणाऱ्या हातमोज्यांची) खरेदी तूर्त थांबवा; हातात धरायच्या कंट्रोलरच्या कंपनावरच भरपूर शिकता येतं.

बटण दाबल्याची जाणीव द्यायला 20-30 मिलिसेकंदांचा एक ठोका पुरतो. कंपन सतत चालू ठेवलं की त्वचा सरावते आणि महत्त्वाचा ठोकाही जाणवेनासा होतो.

सर्वांत नडणारी चूक म्हणजे सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहून कंपन देणं. हात टेकल्यावर 100 मिलिसेकंदांनी आलेला ठोका स्पर्श वाटतच नाही. म्हणून:

- ज्याचा हात टेकला, त्याच्याच हेडसेटवरून कंट्रोलरचं कंपन लगेच सुरू करा.
- नेटवर्कवरून वस्तूची जागा, कोन आणि ताबा (वस्तू सध्या कोण हलवतोय) एवढंच पाठवा.
- ताबा एका वेळी एकाकडेच ठेवा. नाहीतर वस्तू दोन हातांमध्ये थरथरत राहते.

चाचणी दोन वेगळ्या इंटरनेट जोडण्यांवर घ्या. एकाच वायफायवर विलंब लपून राहतो.